नव्या रस्त्यावरचा चर आणि स्थायी समिती

मुंबई महापालिकेत जवळजवळ चार वर्षे एकही नगरसेवक नव्हता. 7 मार्च 2022 रोजी सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत आयुक्तांनीच प्रशासक या नात्याने सभागृहाचे आणि खर्चाच्या प्रस्तावांना मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीचे अधिकार वापरले. या काळात शहराचे नेमके काय अडले, असा प्रश्न रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अण्णांनी टाकला आणि वादाला तोंड फुटले. अण्णांचे सारे आयुष्य रस्त्यांच्या कंत्राटी कामांवर देखरेख करण्यात गेले असल्यामुळे त्यांचे म्हणणे सहजासहजी उडवून लावता येत नाही.

अण्णांचा मुद्दा असा, की शहरात सुमारे 2,050 किलोमीटरचे रस्ते आहेत आणि त्यांपैकी सुमारे 700 किलोमीटरचे काँक्रिटीकरण दोन टप्प्यांत हाती घेण्याचा निर्णय प्रशासकांच्याच काळात झाला. "स्थायी समिती असती, तर निम्मे प्रस्ताव राखून ठेवले असते आणि उरलेले दप्तरी दाखल, म्हणजे नामंजूर झाले असते," असे ते म्हणाले. सागरी किनारा मार्गाची पहिली मार्गिका मार्च 2024 मध्ये खुली झाली, याचेही श्रेय त्यांनी याच कारभाराला दिले. मात्र त्या मार्गाचे काम 2018 मध्ये, म्हणजे नगरसेवक असतानाच सुरू झाले होते, हे बापूंनी तिथल्या तिथे सुनावले.

बापू बेस्टमध्ये वाहक होते. त्यांचे दुखणे पैशांच्या वाटपाचे आहे. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता आणि त्यातला निम्म्याहून अधिक खर्च भांडवली कामांवर दाखवलेला होता. बेस्टच्या वाट्याला मात्र 1,000 कोटी आले. त्याच वर्षी मे महिन्यात बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. भाडे वाढवू नये असे बापू म्हणत नाहीत. सभागृह असते तर भाडेवाढीवर निदान उघड चर्चा झाली असती आणि कोणत्या पक्षाने कोणत्या बाजूने मत दिले हे लोकांना कळले असते, एवढीच त्यांची तक्रार आहे, आणि मला ती पूर्णपणे पटते.

माझा स्वतःचा आग्रह मात्र याहून लहान वाटणाऱ्या गोष्टीचा आहे. आमच्या घरामागच्या गल्लीत काँक्रीट पडले, त्यावर ओली गोणपाटे टाकून दिवसेंदिवस पाणी मारले गेले आणि रस्ता छान झाला. काही महिन्यांतच कोणीतरी केबल टाकण्यासाठी त्याच्या मधोमध यंत्राने कापून सरळ चर खणला. तो डांबराने बुजवला गेला, आणि आता पांढऱ्या रस्त्यावर तो काळा पट्टा खचत चालला आहे. पाऊस पडला की पाणी नेमके तिथेच साचते. काँक्रीटचा रस्ता एकसंध असतो, तो एकदा कापला की सांध्यातून पाणी खाली उतरते, हे अण्णांनीच आम्हाला समजावून सांगितले. मग वाहिन्यांसाठीच्या नळ्या आधी आणि काँक्रीट नंतर, हा क्रम मंजुरीच्या वेळीच कोणी का विचारला नाही?

माईंनी यात दुसरी बाजू जोडली. त्या जुन्या चाळीत तळमजल्यावर राहतात. नवा रस्ता जुन्यापेक्षा उंच झाल्यामुळे पूर्वी गटाराकडे वाहून जाणारे पाणी आता त्यांच्या उंबऱ्याशी थांबते. "रस्त्याची पातळी ठरवताना आमच्या जोत्याची उंची कोणी मोजली होती का?" असे त्यांनी अण्णांना सरळ विचारले. आराखड्यात ती मोजायची असते, पण प्रत्यक्षात घाईत ते राहून जाते, असे अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितले.

उंचीचा हा हिशेब चुकला की काय होते, ते अंधेरीत सगळ्यांनी पाहिले आहे. गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हा रेल्वेमार्गावरील वाढीव उंचीमुळे तो वर गेला होता आणि शेजारचा बर्फीवाला पूल खालीच राहिला होता. नंतर जॅक लावून तो उचलावा लागला. हा प्रस्ताव उघड बैठकीत आला असता, तर जोडणीचा प्रश्न कोणीतरी नक्की विचारला असता, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण विचारण्याची जागाच तेव्हा उरलेली नव्हती.

अण्णांनी यावर टक्केवारीचा, म्हणजे कंत्राटांतून नगरसेवकांना मिळणाऱ्या वाट्याचा विषय काढला, आणि तो काढायलाच हवा होता. मार्च जवळ आला की चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवण्याचा उद्योग नगरसेवकांच्या काळातच फोफावला, हे कट्ट्यावरच्या कोणीही नाकारले नाही. तरीही समितीपुढे येणाऱ्या प्रस्तावात कंत्राटदाराचे नाव, अंदाजित खर्च आणि देकार, म्हणजे त्याने निविदेत मागितलेली रक्कम, एका कागदावर असत, विरोधक तो वाचत आणि दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रांत छापून येत असे. आयुक्तांच्या दालनात मंजूर झालेल्या प्रस्तावाला हे उजेडाचे भाग्य लाभत नसे. 2022 मध्ये 90 हजार कोटींच्या पुढे असलेल्या ठेवी 2025 पर्यंत 82 हजार कोटींच्या आसपास आल्या, आणि त्यांतला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीसारख्या देण्यांसाठी राखीव आहे. अशा वेळी एकच रस्ता दोनदा करणे शहराला परवडणारे नाही.

माईंनी सुचवले, की प्रत्येक रस्त्याच्या प्रस्तावासोबत दोन्ही बाजूंच्या इमारतींची जोती आणि जमिनीखालच्या वाहिन्या दाखवणारा नकाशा प्रभाग समितीपुढे ठेवण्याची मागणी आपल्या नगरसेवकाकडे लेखी करावी. त्यात प्रत्येक कामामागे दोन-तीन महिने जातील, असा अण्णांचा आक्षेप कायम आहे. बापूंच्या मते ते महिने पावसाळ्यातच काढावेत, कारण तेव्हा काँक्रीटचे काम तसेही बंद असते. यावर अण्णांना उत्तर सुचले नाही. पत्राचा तांत्रिक मजकूर मात्र त्यांनीच लिहायला घेतला आहे.