टॉर्च मारून बघू नका

काळी गाडी घेऊ नये. म्हणजे घ्यावी, पण मग ती शोरूममध्येच ठेवावी आणि रविवारी जाऊन बघून यावी. तिथल्या त्या पांढऱ्याशुभ्र लाइटखाली ती अशी काही दिसते की माणूस मायलेज, बूट स्पेस, ईएमआय सगळं विसरतो आणि बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा बघत उभा राहतो, आणि त्यात तो चेहरा पण जरा बराच दिसतो. हेन्री फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 फक्त काळ्या रंगातच मिळायची. त्याचं काय जातंय, त्याला काही पुण्यात, शेजारी बिल्डिंगचं काम चालू असताना, कबुतरांच्या बरोब्बर खाली पार्किंग अलॉट झालं नव्हतं.

माझं तसं बरं चाललं होतं हो. सोसायटीतला गाड्या धुणारा पोरगा पहाटे गाडी पुसायचा, मी बसायचो, ऑफिसला जायचो. पण ऑफिसात एक मित्र आहे, त्याला हा आजार आधीच झालेला. त्यानं एकदा बेसमेंट पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च लावला आणि माझ्या बॉनेटवर मारला. "हे बघ." बघतो तर उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक बारीक रेघांचं गोल गोल जाळं, अख्ख्या बॉनेटभर. "स्वर्ल मार्क्स," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की माझ्या तोंडून आपोआप निघालं, "किती दिवस आहेत?"

गंमत म्हणजे त्या रेघा गोल नसतातच. त्या वाट्टेल त्या दिशेला गेलेल्या असतात, पण दिव्याच्या उजेडाला ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून टॉर्च जिथे न्याल तिथे जाळं बरोबर येतं. आणि त्या येतात कशानं, तर पुसण्यानं! धुळीत वाळूचे कण असतात, कोरड्या फडक्यानं पुसलं की ते कण रंगावरून फरफटत जातात. आमचा पोरगा एक बादली आणि एक फडकं यात अख्खी विंग पुसायचा. म्हणजे ए विंगमधल्या सगळ्या गाड्यांची धूळ माझ्या बॉनेटवर कालवली जात होती आणि वर मी त्याचे महिन्याला पैसे देत होतो.

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते झालं. सिग्नलला मी समोरच्या गाडीची डिकी बघतो. लग्नात गेलो की नवरा-नवरी राहू दे, फुलं लावलेल्या गाडीवर सेलोटेप कुठे चिकटवलाय ते बघतो. दिवस कसाबसा जातो पण रात्री पेट्रोल पंपावरच्या ट्यूबखाली उभं राहवत नाही.

मग वाचन. वाचन फार वाईट. कळलं की रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर गंज लागू नये म्हणून आधी ई-कोट, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट 40-50. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो (माझ्याकडे आता मोजायला फारसे उरले नाहीत ते सोडा). म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची सगळी चकाकी केसापेक्षा बारीक थरावर उभी. आणि ती चकाकी आणतात कशी, तर काही लावून नाही, घासून! मशीनला फोमचं पॅड लावायचं, कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट घ्यायची आणि क्लिअर कोट एखाद-दोन मायक्रॉन उतरवायचा, आजूबाजूचा भाग रेघेच्या तळापर्यंत खाली आला की रेघ गेली. हे मी बायकोला मोठ्या उत्साहात समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन तू रंग काढून आणणार आहेस?"

आता यावर काय बोलणार.

पण पॉलिश ही नंतरची पायरी, त्याच्या आधी गाडी नीट धुवावी लागते आणि खरी परीक्षा तिथेच आहे. दोन बादल्या लागतात, एक शॅम्पूची आणि एक साध्या पाण्याची. मिट म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, तो शॅम्पूत बुडवायचा, एक पॅनल धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा, परत शॅम्पू. वरून खाली यायचं, चाकं वेगळ्या कापडानं. उन्हात धुवायचं नाही, पाणी वाळलं की डाग. आणि आमच्याकडे येतं बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, त्यात एवढा क्षार की गिझरची कॉइल पांढरी होते, तर ते पाणी काळ्या रंगावर वाळल्यावर काय रांगोळी घालत असेल विचार करा. म्हणून मी रात्री धुवायला लागलो. तर सेक्रेटरी काकांचा मेसेज ग्रुपवर, "काही सभासद रात्री अकराला बादल्या घेऊन पार्किंगमध्ये फिरत असतात, कृपया पाणीटंचाईचे भान ठेवावे." काही सभासद! अख्ख्या सोसायटीला माहीत होतं काही सभासद म्हणजे कोण.

धुऊन झालं की पिशवीची टेस्ट. ही मात्र खरंच करून बघा. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि धुतलेल्या बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवायची. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारी गाडी पिशवीतून खरखरीत लागते, कारण ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण, सिमेंट, झाडाचा चीक असलं सगळं रंगात रुतून बसलेलं असतं, शॅम्पूनं जात नाही. ते काढायला क्ले बार. मातीच्या गोळ्याची चपटी वडी करायची, लुब्रिकंट मारायचं आणि अजिबात जोर न लावता पुढे-मागे सरकवायची. सुरुवातीला वडी अडखळते, आवाज येतो, आणि मग हळूहळू आवाज बंद होतो आणि ती सुळ्ळकन निसटायला लागते, त्या क्षणाचं सुख मी शब्दांत सांगू शकत नाही. वडी उलटी करून बघितली तर करडी झालेली. एकदा जमिनीवर पडली की मात्र फेकायची, वाळू चिकटते. आमच्या वॉचमन मामांनी मला दुधाची पिशवी हातात घालून, डोळे मिटून बॉनेट कुरवाळताना पाहिलंय. तेव्हापासून ते मला गेट लवकर उघडून देतात आणि नजरेला नजर देत नाहीत.

मग सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा आणखी एक पातळ पारदर्शक थर. विकणारा म्हणाला, "सर, 9H हार्डनेस, हिऱ्याच्या खालोखाल." अरे बाबा, हिऱ्याला 10 देणारी खनिजांच्या कडकपणाची मोजपट्टी वेगळी, तुझा 9H पेन्सिलीचा. इंजिनिअरिंग ड्रॉइंगला आपण 2H पेन्सिल वापरायचो ना, त्याच खानदानातली 9H घेऊन कोटिंगवर ओढतात आणि ओरखडा उठतो का बघतात. म्हणजे माझ्या गाडीला आता पेन्सिलीचं भय उरलं नाही. प्रश्न फडक्याचा होता, तो तसाच. तरी केलं मी कोटिंग, कारण त्यावर पाण्याचे थेंब टपोरे होऊन घरंगळतात आणि ते बघायला मला आवडतं, एवढं एकच कारण पुरेसं आहे.

पण सात दिवस पाणी लागू द्यायचं नाही, ते नीट बसेपर्यंत. आणि त्या सात दिवसांत आला दसरा. आई ताट घेऊन खाली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ, नारळ. मी आडवा. "आई, बॉनेटवर स्वस्तिक नको. अजून पाणी पण लावलेलं नाही त्याला."

"पाणी नको, ऊन नको, हात लावायचा नाही! गाडी आहे की बाळंतीण?"

शेवटी स्वस्तिक काचेवर काढायचं ठरलं. आई काचेवर काढतीये, मी खाली मायक्रोफायबर धरून थेंब झेलतोय, आणि अक्षता मात्र तिनं टाकल्याच, मूठभर, बॉनेटवर. तांदूळ. कोरडे. त्यांच्यावरून फडकं फिरवायची सोय नाही, म्हणून मी ते एकेक फुंकर मारून उडवले. कबुतरं आली खायला आणि जाताना जे द्यायचं ते देऊन गेली. त्यांच्या शिटेत यूरिक ॲसिड असतं, उन्हात क्लिअर कोट खातं. पुढचं सांगत नाही.

परवा खालच्या मजल्यावरचे काका आले, "तुमच्या गाडीला भारीच शाइन आहे हो, कुठलं पॉलिश?" त्यांची पण काळीच, नवी कोरी. मी टॉर्च काढला आणि त्यांच्या बॉनेटवर मारला. आता ते रात्री माझ्याबरोबर पार्किंगमध्ये असतात, बादल्या चार झाल्यात.

दुसऱ्या दिवशी गाड्या पुसणारा पोरगा दारात. "साहेब, तुमची बंद झाली, आता काकांची पण. असे सगळ्यांनी टॉर्च घेतले तर मी खायचं काय?" मुद्दा बरोबर होता. मग आमचं ठरलं, महिन्याचे पैसे पूर्ण, फक्त गाडीला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. काम चोख करतो पोरगा. काल म्हणाला, "साहेब, दिवाळीचं बघा काहीतरी."