दुपारी चारला चावणारा हेडफोन

आमच्या ऑफिसातल्या भिंती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पाडल्या. सोमवारी कामावर आलो तर चिंचवडच्या त्या पहिल्या मजल्यावर मंगल कार्यालयासारखा एक लांबच लांब हॉल पसरलेला, आणि अकाउंट्सची चार टेबलं परचेसच्या चार टेबलांना चिकटलेली. असं मोकळं बसलं की माणसं बोलती होतात म्हणे. झाली. माझ्या शेजारचे परचेसवाले तर इतके बोलते झाले की फोन बंद असतानाही बोलतायत असं मला वाटायला लागलं.

त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. दोन महिन्यांत मला नाशिकच्या मुलाचं पॅकेज, त्याच्या आईचा करारी स्वभाव, साताऱ्याच्या मुलाचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आणि डोंबिवलीच्या स्थळाच्या दीड खोल्या, यांची माहिती माझ्या स्वतःच्या एफडींपेक्षा जास्त झाली. तिमाहीच्या शेवटी एका व्हाउचरवर 'बिल जुळत नाही' असा शेरा मारायचा होता, तिथे मी 'पत्रिका जुळत नाही' असं लिहिलं. ऑडिटरने त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून बारीक अक्षरात विचारलं, 'कोणाची?'

त्या संध्याकाळी ठरवलं, हेडफोन घ्यायचा. बजेट दीड हजार. अटी दोनच : गाणं गाण्यासारखं ऐकू यावं आणि कानाला त्रास होऊ नये. माझं ऐकणं म्हणजे ख्याल, तोही वेळ पाळून. सकाळी तोडी, डबा खाल्ल्यावर भीमपलास, चारच्या चहाला मुलतानी. हल्ली रागाची वेळ कोणी पाळत नाही, पण मी अकाउंट्सचा माणूस आहे. नोंद ज्या तारखेची, त्याच तारखेला पडली पाहिजे.

सुरुवात घरातल्या ऐवजापासून केली. जुन्या फोनबरोबर आलेले, कानात खुपसायचे रबरी बोंडांचे इअरफोन ड्रॉवरमध्ये होते. बोंडं तीन मापांची मिळतात. माझ्या डाव्या कानाला मधलं बसलं, उजव्याला धाकटं. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं मी दोन वेगवेगळ्या मापांचे कान घेऊन हिंडत होतो आणि हे कोणी बोललं नाही. कानाचं भोक असं बूच मारल्यासारखं बंद झालं की हाडांतून येणारे आपलेच आवाज आत घुमतात. मला माझंच चालणं ऐकू यायला लागलं, धप, धप, जसा डोक्यातल्या वरच्या मजल्यावर कोणी भाडेकरू राहतो. डब्यात शेंगदाण्याची चटणी होती. पहिला दाणा दाढेखाली आला आणि तोडीचा कोमल गांधार खडी फोडायच्या यंत्रात गेला. शेवटी एकदा उठताना वायर ड्रॉवरच्या मुठीत अडकली आणि बैलाची वेसण ओढावी तसा मी परत खुर्चीत आलो. तो अध्याय तिथे संपला.

मग भाच्याला विचारलं. त्याला यातलं सगळं कळतं, एवढाच त्याचा दोष. फोनवर पाऊण तास त्याने मला ड्रायव्हर, इम्पीडन्स आणि कोडेक समजावले. त्यातलं जे टिकलं ते असं : ड्रायव्हर म्हणजे आतला इवलासा स्पीकर, मोठ्या हेडफोनमध्ये तो बहुधा 40 मिलिमीटरचा असतो. इम्पीडन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो 32 ओहमच्या आसपास असेल तर फोन आणि लॅपटॉप हेडफोन सहज चालवतात. स्टुडिओतले 250 ओहमवाले घेतले तर लॅपटॉपवर आवाज मरगळतो. आणि खोक्यावर '20 ते 20,000 हर्ट्झ' असं छापलेलं असतं, ते पाचशेच्या मालावरही असतं आणि पन्नास हजारांच्याही. तेवढ्यावरून माल ओळखायचा म्हणजे 'मुलगी गृहकृत्यदक्ष आहे' एवढ्यावर लग्न ठरवायचं. (ही उपमा माझी नाही. शेजारच्या टेबलावरून आली.)

शिवाय वयाबरोबर माणसाचं वरचं ऐकणं कमी होत जातं, वीस हजार हर्ट्झ पन्नाशीतल्या कानाला पोचतच नाहीत. मला वाटलं, मग मी त्याचे पैसे का भरू? पियानोची सगळ्यात वरची पट्टीसुद्धा 4186 हर्ट्झची असते. वरचे चार-पाच हजार वजा करून भाव सांगा, असं मी दुकानात म्हणणार होतो. भाच्याने अडवलं. "मामा, तुमच्या तानपुऱ्याची जवारी, ती तारांची झणझण, म्हणजे दुसरं काय असतं? वरचे स्वरांशच ना?" तिथे मी गप्प झालो. जवारीवर घासाघीस करणारा माणूस मी नाही.

तर पहिला विकत घेतलेला हेडफोन : ब्लूटूथ, कानाच्या पाळीवर टेकणाऱ्या गाद्यांचा, 1299 रुपये. दुकानातल्या मुलाने अभिमानाने सांगितलं, "सर, बास एकदम जबरदस्त." मी बास म्हटलं, म्हणजे पुरे, तर त्याने बिल फाडलं. ऑफिसात जाऊन भीमपलास लावला. विलंबित एकतालातला डग्गा लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीतल्या ढोलासारखा वाजत होता आणि तानपुरा कुठेच नव्हता. बुवा बिचारे पथकाच्या मागून चालत, गर्दीत हरवलेल्या मुलाला हाका माराव्यात तसे गात होते.

पण आवाजाची सवय होते हो, खालचे स्वर सेटिंगमध्ये जाऊन उतरवताही येतात. खरी गोष्ट पुढेच आहे. पहिला तास हेडफोन डोक्यावर आहे हे विसरायला झालं. दुसऱ्या तासाला एखादा ओळखीचा माणूस मागे उभा असावा तसं वाटलं. तिसऱ्या तासाला उजव्या कानाच्या वरच्या कडेला कोणीतरी चिमटा लावला. आणि बरोबर चार वाजता, मुलतानीचा षड्ज लागतो न लागतो तोच, हेडफोन चावला. नवी चप्पल करंगळीला चावते ना, अगदी तसा.

कारण शोधलं तर साधं होतं. मला चष्मा आहे. चष्म्याची काडी कानावर बसलेली, तिच्यावर हेडफोनची गादी, गादीवर पट्ट्याचा दाब. मधल्या मध्ये कान, अडकित्त्यातल्या सुपारीसारखा. चष्मा बिचारा चौथीपासून तिथे बसून आहे, कधी तक्रार नाही. हा कानामागून आला आणि तिखट झाला. 1910 साली नथॅनिएल बाल्डविन नावाच्या अमेरिकन माणसाने यूटामधल्या आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून नौदलाला पुरवले. त्या खलाशांपैकी चष्मेवाल्यांनी चार वाजता काय केलं असेल, एवढंच मला विचारायचं आहे.

भाचा म्हणाला, पट्टा सैल करा, रात्रभर एखाद्या रुंद डब्यावर चढवून ठेवा. घरातली रुंद वस्तू म्हणजे पोळ्यांचा डबा. सकाळी सहाला स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, डब्याने काल कुणाचं गाणं ऐकलं?" पट्टा सैल झाला खरा. इतका, की खाली वाकलो की हेडफोन गळ्यात येई, सत्काराच्या हारासारखा. परत आवळला, परत चारला चावला. तीन आठवडे मुलतानी माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

त्यातच एक दिवस साहेब हॉलच्या मध्यभागी उभे राहून काहीतरी सांगत होते. मला कुठलं कळायला, माझे डोळे मिटलेले. द्रुत रंगात आलं होतं, तान सुटली, फिरली, आणि समेवर अशी काही येऊन पडली की मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "क्या बात है!" कान झाकलेले असले की आपला आवाज केवढा निघतोय हे कळत नाही. डोळे उघडले तर चाळीस माणसं माझ्याकडे बघतायत. साहेबांनी नुकतंच सांगितलं होतं की यंदाचं इन्क्रिमेंट ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकललंय. मी चष्मा काढून बराच वेळ पुसत बसलो.

पावसाळा आला तसं गाद्यांवरचं नकली कातडं सोलपटायला लागलं. बारीक काळे कपटे कानांवर, कॉलरवर, एकदा तर ताकात. अकाउंट्समधल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "कलप चांगल्या कंपनीचा घ्या हो, उतरतोय."

शेवटी भाच्याने दया येऊन आपला स्वतःचा हेडफोन एका दिवसासाठी दिला. वीसेक हजारांचा, बाहेरचा आवाज मारणारा. त्याची युक्ती मला फार आवडली, कारण ती आमच्या खात्यातली आहे. बारीक माइक बाहेरचा आवाज टिपतो, आतलं यंत्र त्याची बरोबर उलटी लाट तयार करतं, आणि कानाशी दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. डेबिट-क्रेडिट, बाकी शून्य. फक्त हे जमतं ते संथ, एकसुरी, खालच्या आवाजांना. एसीची घरघर, बसचं इंजिन, पंखा. माणसाच्या बोलण्याच्या चढउतारांपुढे त्याचा तितका पाड लागत नाही. मी बटण दाबलं आणि हॉलमधली एसीची घरघर कोणीतरी पाटीवरून पुसावी तशी गेली. त्या निर्मळ शांततेत, तानपुरे जुळल्यावर पहिला स्वर उमटावा तसा शेजारून स्पष्ट आवाज आला : "नाशिकचा फोटोत जरा बुटका वाटतो हो."

मग गाण्याचा आवाज वाढवायचा? तेही करून पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो. 40 तास म्हणजे पाच दिवसांची नोकरी. आमची शनिवार धरून सहा दिवसांची. म्हणजे शनिवारी बहिरं व्हायचं किंवा शनिवारी परचेस ऐकायचं. त्याहून सोपं म्हणजे कान बाहेरूनच नीट झाकायचा, म्हणजे आवाज वाढवावाच लागत नाही. हे मला भाच्याने नाही, तपकीर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितलं.

बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत दोन माणसं शेजारून जाताना एकाने पोट आत घ्यावं लागतं. वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, ॲडॉप्टरचे डोंगर, आणि त्यांच्यामागे हे आजोबा. माझ्याकडे बघून म्हणाले, "चष्मा आहे ना? मग टेकणारा नको, वेढणारा घ्या. पूर्ण कान आत गेला पाहिजे, वाटीखाली लाडू झाकल्यासारखा. गादी कापडी घ्या, जाड आणि मऊ, म्हणजे काडी गादीत रुतेल, डोक्यात रुतणार नाही. आणि वजन हातात तोलून बघा. खोक्यावरचं वाचू नका." तीस सेकंदांत हा माणूस जे बोलला ते मला चार महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. कान सोनारानेच टोचावेत ते खरं.

हेडफोन चांगला वाटत होता. पण मी पोळलेला. म्हटलं, "काका, चप्पल घालून दुकानात चार पावलं चालून बघता येतं. याची चार पावलं म्हणजे तीन तास." आजोबांनी काही न बोलता काउंटरच्या आतलं एक स्टूल पुढे सरकवलं.

दोन वाजता बसलो. तासाभरात मी दुकानाचा झालो. लोक येऊन माझ्याकडे बघून ओठ हलवायचे. मी मागच्या खणाकडे बोट दाखवायचो. एकाला चुकून टू-पिनच्या जागी थ्री-पिन दिली, तो ती घेऊनही गेला. साडेतीनला आजोबांनी अर्धा कप चहा दिला. पावणेचारला मी मुलतानी लावला आणि कानांकडे लक्ष ठेवून बसलो, पाहुण्यांच्या येण्याकडे ठेवतात तसं. चार वाजले. सव्वाचार. कोमल रिषभ आला, तीव्र मध्यम आला, तानपुरा मागे अखंड झरत होता. चावा आला नाही. साडेचारला मला लक्षात आलं की मी बराच वेळ कानांचा विचारच केलेला नाही. वायरचा होता, 1150 रुपये. मी घासाघीस केली नाही. आजोबांनीच पन्नास कमी केले, म्हणाले, "दोन तास गिऱ्हाईक सांभाळलंत."

घरी आल्यावर कळलं की फोनला वायरची पिन घालायचं भोकच नाही. 2016 च्या सुमारास ही भोकं बुजवायची टूम निघाली आणि माझा फोन त्यानंतरचा. पण ऑफिसच्या लॅपटॉपला आहे. ऑफिसचा लॅपटॉप इतका जुना असल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा आनंद झाला.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. सकाळी तोडी, दुपारी भीमपलास, चारला मुलतानी. शेरे बिनचूक. परचेसवाले दिसतात, ऐकू येत नाहीत. ओठ हलतात, हात हलतात, कधी कपाळावर आठी, कधी हसू. पहिला आठवडा हे फार सुखाचं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ते एकदा फोनवर बोलता बोलता उभे राहिले, आणि मुलतानीत माझं लक्ष लागेना. नाशिकच्या आईंनी काय कळवलं? साताऱ्याचा बघायला आला का? दोन महिने ऐकल्यावर असं मध्येच सोडणं मला प्रशस्त वाटलं नाही. हेडफोन काढून ठेवावा तर ते सावध होतील आणि आवाज खाली आणतील. म्हणून मग कधीकधी, फक्त त्यांचा फोन वाजला की, मी हळूच पिन काढून ठेवायचो आणि एका बाजूची वाटी केस नीट केल्यासारखी जरा मागे सरकवायचो.

परवा ते पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी तत्परतेने हेडफोन गळ्यात घेतला.

"मुलीचं जमलं," ते म्हणाले.

"अरे वा! नाशिकच का शेवटी? आईंनी ऐकलं म्हणायचं."

पेढा माझ्या हातात होता, त्यांचा हात पुड्यावरच राहिला. "नाशिकच. पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर दिवसभर गाणं ऐकत असता."

"त्यातच आहे मी सध्या, मुलतानी चाललाय," असं म्हणून मी घाईघाईने दोन्ही वाट्या कानांवर ओढल्या आणि मान डोलवायला लागलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वायरीच्या मागोमाग नजर खाली नेली, टेबलाच्या कडेपर्यंत, जिथे पिन हवेत हळूहळू गोल फिरत होती.