33 खून आणि एकही प्रेत नाही: चक बॅरिसच्या 'गुप्त आयुष्या'बद्दल

परवा भाच्याने एक लांबलचक मेसेज पाठवला. वर लिहिलं होतं, "मावशी, हे वाच. अंगावर काटा येतो."

मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत चक बॅरिस नावाचा टीव्ही निर्माता होता. 'द डेटिंग गेम', 'द न्यूलीवेड गेम', 'द गाँग शो' हे तुफान चाललेले कार्यक्रम त्याचे. पण ते सगळं सोंग होतं. खरा तो सीआयएचा, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा, मारेकरी. कार्यक्रमात जिंकलेल्या जोडप्यांना परदेशी सहलीला न्यायच्या निमित्ताने जायचा आणि तिथे माणूस मारून परत यायचा. असे 33 खून. आत्मचरित्रात त्याने स्वतः कबुली दिली, सीआयएने अर्थातच नाकारलं, आणि जॉर्ज क्लूनीने त्यावर सिनेमाही काढला.

हीच गोष्ट व्हिडिओंतून, पोस्टींतून वर्षानुवर्षं फिरते आहे. मी भाच्याला दोन ओळीत "थाप आहे रे" एवढंच कळवलं. त्याचं लगेच उत्तर आलं, "पण त्याने स्वतःच लिहिलंय ना!" म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी याच 'स्वतःच लिहिलंय'चं पाहू. पुस्तक 1984 साली आलं. त्याचं उपशीर्षक आहे 'अनधिकृत आत्मचरित्र'. एखाद्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याने लिहिलेलं चरित्र अनधिकृत असू शकतं. स्वतःचं स्वतः लिहिलेलं आत्मचरित्र अनधिकृत कसं असेल? लेखकाने मुखपृष्ठावरच वाचकाला सांगून टाकलंय की आतलं जपून घ्या. शिवाय स्वतःच्या आयुष्यात कल्पना मिसळून लिहायची त्याला सवय होती. दहा वर्षं आधी, 1974 मध्ये, त्याने आपल्या लग्नाच्या अनुभवावर बेतलेली कादंबरी लिहिली होती आणि ती चांगली खपलीही होती.

"त्याने हे कधीच नाकारलं नाही" असंही मेसेजमध्ये ठासून लिहिलंय. साफ खोटं. पुस्तक आलं त्याच वर्षी अमेरिकन टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने सांगितलं होतं की मी सीआयएचा मारेकरी कधीच नव्हतो. एकदा तिथे नोकरीसाठी अर्ज केला होता, पण ती प्रक्रिया चालू असतानाच टीव्हीतली नोकरी मिळाली आणि मी तिकडे गेलो. एवढाच काय तो धागा. पुढे सिनेमाच्या वेळी तो मोघम बोलू लागला, 2004 मध्ये त्याच गोष्टीचा पुढचा भागही लिहिला. पण पहिलं आणि सरळ उत्तर 1984 चं आहे, आणि ते 'नाही' असंच आहे.

पाळत ठेवण्याचं एक काम मात्र त्याने खरंच केलं होतं. 1960 च्या सुमारास अमेरिकेत पैसे घेऊन रेडिओवर गाणी वाजवण्याचं मोठं प्रकरण उघडकीस आलं. तेव्हा एबीसी या वाहिनीने आपला लाडका सूत्रसंचालक डिक क्लार्क याच्यावर नजर ठेवायला तरुण बॅरिसला फिलाडेल्फियाला पाठवलं. तो रोज स्टुडिओत बसायचा आणि नोंदी करायचा. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याशीच त्याची दोस्ती झाली. त्याच्या आयुष्यातली सिद्ध झालेली 'हेरगिरी' ती एवढीच, आणि मला ती त्या 33 खुनांपेक्षा कितीतरी अधिक रंजक वाटते.

आता मुख्य मुद्दा, खून. 33 माणसं म्हणजे 33 शहरांतली पोलीस ठाणी, 33 शवविच्छेदनं, 33 घरं. पुस्तक येऊन चाळीस वर्षं उलटली. त्यातला एकही खून कुणी एखाद्या प्रत्यक्ष मृत्यूशी जुळवून दाखवलेला नाही. कुणाचा मुलगा पुढे येऊन म्हणाला नाही की हा माणूस माझ्या बापाला मारून गेला.

"गुप्त काम होतं, पुरावा कसा राहील?" असं यावर म्हणतात. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच मुद्द्यावर, कारण सीआयएने माणसं मारण्याचे कट खरोखर केले होते आणि त्यांचे पुरावे राहिले. 1975 साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने ते चव्हाट्यावर आणले. 1960 ते 65 या काळात क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याला मारण्याचे निदान आठ कट झाल्याचं समितीला आढळलं. विषारी गोळ्या होत्या, विष लावलेले सिगार होते. माफियातल्या लोकांना दीड लाख डॉलर देऊ केले होते. 22 नोव्हेंबर 1963 ला, म्हणजे केनेडींचा खून झाला त्याच दिवशी, पॅरिसमध्ये सीआयएचा अधिकारी एका क्युबन हस्तकाला पेन देत होता. त्या पेनात इतकी बारीक सुई बसवलेली होती की टोचलेलं माणसाला कळूही नये. काँगोत तिथले नेते पॅट्रिस लुमुम्बा यांच्यासाठी सीआयएच्या रसायनतज्ज्ञाने विष नेऊन पोचवलं होतं. ते वापरलंच गेलं नाही, लुमुम्बांना शेवटी दुसऱ्यांनी मारलं.

यातली प्रत्येक गोष्ट कागदावर आहे: तारा, पैशांचे हिशेब, अधिकाऱ्यांच्या साक्षी. आणि इतकं करून कॅस्ट्रो जिवंत राहिला, थेट 2016 पर्यंत. परदेशी नेत्यांना मारण्याचे जे कट अमेरिकन अधिकाऱ्यांनी सुरू केले, त्यांतून एकही नेता मेला नाही, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. रसायनतज्ज्ञ, माफिया, दूतावास आणि बेहिशेबी पैसा हाताशी असलेल्या संस्थेला जे आठ वेळा जमलं नाही, ते गेम शोच्या निर्मात्याला सुट्टीच्या सहलीवर 33 वेळा, एकही चिठ्ठी मागे न ठेवता जमलं, असं आपण मानायचं?

तारखाही पाहा. चर्च समितीचा अहवाल 1975 चा. फेब्रुवारी 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी राजकीय खुनांवर बंदीचा आदेश काढला. हे सगळं तिकडच्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर महिनोन्महिने गाजत होतं. 1984 साली पुस्तक लिहिणाऱ्याला सीआयएच्या खुनांची गोष्ट रचायला कसल्याही आतल्या माहितीची गरज नव्हती.

सहलींचा बुरखाही तपासू. 'द डेटिंग गेम' डिसेंबर 1965 मध्ये सुरू झाला. पडद्याआड बसलेल्या तिघांतून एक निवडायचा आणि त्या जोडीला कार्यक्रमाच्या खर्चाने फिरायला पाठवायचं, सोबत देखरेखीला एक माणूस. म्हणजे कुठे जाणार ते अख्ख्या देशासमोर जाहीर केलेलं, तिकिटांची बिलं कंपनीच्या वहीत, आणि दोन साक्षीदार ज्यांना ती सहल जन्मभर आठवणार. लपायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. एक गोष्ट मान्य करते: त्या काळात बॅरिस पडद्यामागे होता, त्याचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. पण जून 1976 पासून तो 'द गाँग शो'चा सूत्रसंचालक म्हणून रोज दुपारी घराघरांत दिसू लागला. डोळ्यांवर ओढलेली टोपी, सारख्या टाळ्या. त्यानंतर त्याला कुठेही चोरपावलांनी फिरणं शक्य नव्हतं.

"सीआयएने नाकारलं, म्हणजेच खरं!" हा युक्तिवाद मला सगळ्यात घातक वाटतो. या न्यायाने उद्या माझ्या शेजाऱ्यांबद्दल मी काहीही पसरवावं आणि त्यांनी नाही म्हटलं की तोच पुरावा धरावा. शिवाय सीआयएचं नेहमीचं उत्तर 'नाही' नसतंच. "आम्ही दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बुडालेली सोव्हिएत पाणबुडी काढायला बांधलेल्या ग्लोमार एक्सप्लोरर जहाजाबद्दल 1975 मध्ये एका पत्रकार बाईंनी माहिती मागितली, तेव्हापासून या उत्तराला 'ग्लोमार उत्तर' असंच नाव पडलं. बॅरिसच्या बाबतीत मात्र ती ठरलेली टाळाटाळ झाली नाही. हा दावा हास्यास्पद आणि असत्य असल्याचं प्रवक्त्याने स्पष्ट सांगितलं. नुसत्या इन्कारावर मी भिस्त ठेवणार नाही, पण इन्कार म्हणजे दावा खरा असल्याचा पुरावाही नाही.

सिनेमाचं काय? 2002 चा तो सिनेमा म्हणजे क्लूनीचं पहिलं दिग्दर्शन. सॅम रॉकवेलला बॅरिसच्या भूमिकेसाठी बर्लिन महोत्सवात पुरस्कार मिळाला. डिक क्लार्कसारखी खरी माणसं मधूनमधून कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात, त्यामुळे माहितीपट पाहत असल्यासारखं वाटतं. पण हे खरं का, असं आपण बॅरिसला थेट विचारलंच नाही, असं क्लूनीनेच सांगितलंय. आणि पटकथा कुणाची? चार्ली कॉफमनची. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका सिनेमात त्याने स्वतःला एक जुळा भाऊ कल्पून त्याचं नाव सहलेखक म्हणून श्रेयनामावलीत घातलं, आणि जन्मालाच न आलेल्या त्या भावाला ऑस्करचं नामांकन मिळालं. अशा लेखकाच्या पटकथेला पुरावा म्हणून कसं धरायचं?

कलावंत हेर नसतातच असं मी म्हणत नाही. जोसेफिन बेकर ही पॅरिसची लाडकी गायिका-नर्तकी दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी माहिती नेत होती. तिच्या गाण्यांच्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईने मजकूर लिहिलेला असे. तिच्यासोबत काम करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव माहीत आहे, तिला मिळालेली पदकं माहीत आहेत, आणि 2021 मध्ये फ्रान्सने तिला पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकात, स्थान दिलं. मो बर्ग हा अमेरिकन बेसबॉलपटू डिसेंबर 1944 मध्ये हेर म्हणून झुरिकला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या व्याख्यानाला खिशात पिस्तूल घेऊन बसला होता. जर्मनांचा अणुबॉम्ब तयार होत आलाय असं वाटलं तर गोळी घालायची, असा हुकूम होता. त्याने ऐकलं, तोलून पाहिलं आणि गोळी घातली नाही. खऱ्या हेराच्या आयुष्यातला तो क्षण मला 33 खुनांहून भारी वाटतो.

मग बॅरिसने हे लिहिलं कशासाठी? 'द गाँग शो' आठवा किंवा यूट्यूबवर पाहा. कुणी बेसूर गातंय, कुणी काहीतरी वेडगळ करतंय, तीन परीक्षक बसलेत आणि सहन होईना झालं की मोठी थाळी बडवायची, ठण्ण! दुपारच्या कार्यक्रमात जिंकणाऱ्याला 516 डॉलर 32 सेंट. मध्येच ठरावीक सुरावट वाजायची आणि स्टुडिओतला एक कामगार, जीन पॅटन, पाय घासत नाचत यायचा. परीक्षक, प्रेक्षक, बॅरिस सगळेच त्याच्याबरोबर नाचायचे. लोकांचा जीव होता त्या कार्यक्रमावर. समीक्षकांनी मात्र बॅरिसला अभिरुचीचा मारेकरी ठरवलं. 1980 मध्ये त्याच कार्यक्रमावर काढलेला त्याचा सिनेमा सपशेल पडला, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून हे पुस्तक लिहायला लागला. पुस्तकाचं मूळ दुखणं हेच आहे: माणसं मारली तर पदकं मिळतात आणि लोकांना हसवलं तर सुळावर चढवतात. दुखावलेल्या माणसाने रचलेलं ते रूपक होतं. त्याला बातमी म्हणून पुढे ढकलणारे त्याचं दुःखही पुसून टाकतात.

भाच्याला मी शेवटी एवढंच लिहिलं, की बॅरिसचं खरं आत्मकथन वाचायचं असेल तर 2010 चं पुस्तक शोध. त्याची एकुलती एक मुलगी डेला 1998 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी नशेपायी गेली. तिच्याबद्दल, आणि बाप म्हणून आपण कुठे कमी पडलो त्याबद्दल, त्याने त्यात लिहिलं आहे. त्या पुस्तकाचा मेसेज मला आजवर कुणी पाठवलेला नाही.