गस्तीची बोट जेटीलाच
तुमच्या लेखातला देशाच्या संरक्षण धोरणाचा आढावा वाचला. सगळा भर उत्तर सीमेवर आणि विमानवाहू नौकांवर, किनारा राहिलाच. अहो, १९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली ती आमच्या श्रीवर्धनजवळ, शेखाडीला! २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्या अतिरेक्यांनी ‘कुबेर’ ही मच्छीमार बोटच वापरली. त्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे, किनाऱ्यापासून १२ सागरी मैल पोलिसांकडे. कागदावर चोख.

आमच्या बंदरातली गस्तीची बोट मात्र गणपतीपासून जेटीला बांधलेली, दोराला शेवाळ धरलंय. रात्री अनोळखी बोट दिसली तर १०९३ या सागरी पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन करतो तो आमचा तांडेलच, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख. आणि ओळखपत्र तपासतात तेही त्याचंच, ओल्या हातांनी काढायला लावून. सैन्यातून चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांतली कोळ्यांची पोरं तरी या गस्तीला घ्या.