सोल्सलाइकची सुरुवात एल्डन रिंगपासूनच करा

"सोल्सलाइक खेळून बघायचंय, कुठून सुरुवात करू?" असं कोणी विचारलं की जी उत्तरं मिळतात, ती ऐकून मला वाईट वाटतं. (सोल्सलाइक म्हणजे डेमन्स सोल्स, डार्क सोल्सच्या धर्तीवरचे, मरत-मरत शिकायचे कठीण व्हिडिओ गेम.) 'आधी २०११चा डार्क सोल्स संपव, मग बोलू.' 'सेकिरो घे, तिथेच कळेल तुझ्यात किती दम आहे.' माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आलाय. हॉस्टेलवरच्या मुलांनी त्याच्या हातात थेट सेकिरो दिला. त्यातल्या साखळदंडाने बांधलेल्या राक्षसाने त्याला इतकं आपटलं की रविवारी घरी जेवायला आल्यावर म्हणाला, "दादा, हे गेम आपल्यासाठी नाहीत."

त्याचं हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. म्हणून ही पोस्ट.

सेकिरो जबरदस्त गेम आहे. २०१९च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला तो उगाच नाही. पण त्यात मुख्य शस्त्र म्हणजे एक तलवार, आणि समोरचा वार नेमक्या क्षणी परतवायला शिकण्यावाचून सुटका नाही. मदतीला दुसऱ्या खेळाडूला बोलावता येत नाही, जादूगार होऊन लांबून लढता येत नाही. ब्लडबोर्न या गेममध्ये जखम भरायच्या कुप्या संपल्या की शत्रू मारून पुन्हा गोळा करत बसावं लागतं, आणि बॉसपाशी, म्हणजे टप्प्यातल्या मोठ्या शत्रूपाशी, अडकलेल्या नवख्याच्याच त्या सगळ्यात आधी संपतात. पहिल्या डार्क सोल्सवर माझा फार जीव आहे, पण त्यात जवळपास अर्धा गेम होईपर्यंत एका बॉनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसरीकडे थेट जाता येत नाही. सुरुवातीलाच चुकून सांगाड्यांच्या स्मशानात शिरलेला माणूस तिथेच मरत राहतो आणि त्याला वाटतं, हाच रस्ता असणार. ट्रेकला पहिल्यांदाच येणाऱ्याला आपण सिंहगडावर नेतो, लिंगाण्यावर नाही.

नवख्यासाठी गेम बरा की नाही, हे शत्रू किती जोरात मारतो यावर ठरत नाही. अडलो तर दुसरीकडे जाता येतं का, यावर ठरतं. २०२२चा एल्डन रिंग इथे बाकीच्यांच्या खूप पुढे आहे.

गुहेतून बाहेर पडलात की समोरच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसेल, ट्री सेंटिनेल. त्याच्याशी लढू नका. वळसा घालून एलेहच्या पडक्या चर्चपाशी जा, तिथे व्यापारी आहे आणि हत्यार तीन पायऱ्यांपर्यंत (+३) सुधारायची सोय आहे. पुढे साइट ऑफ ग्रेस नावाच्या थांब्यांवर विसावा घेत राहिलात की थोड्याच वेळात मेलिना नावाची मुलगी येऊन टॉरेंट नावाचा घोडा देते. घोडा मिळाला की परत चर्चमध्ये या. तिथे भेटणारी बाई एक घंटा देते, आणि त्या घंटेने लढाईत सोबतीला आत्मे बोलावता येतात. किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा बॉस तुम्हाला लोळवेल. त्याला तिथेच सोडा, घोडा दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलाकडे वळवा. तिकडे तुलनेने सोपे शत्रू आहेत, हत्यार सुधारायला दगड आहेत. लेव्हल वाढवून परत आलात की तोच मार्गिट तुमच्या आवाक्यात येतो. शिवाय अनेक बॉसच्या दाराजवळच मारिकाचा खांब असतो; मेल्यावर तिथूनच पुन्हा उठता येतं, लांबून चालत यावं लागत नाही.

सुरुवातीला पात्र निवडताना ॲस्ट्रॉलॉजर (जादूगार) घ्या, लांबून मारता येतं. ढाल हवी असेल तर व्हॅगाबाँड.

आणि 'जादू वापरलीस, आत्मे बोलावलेस, समन केलंस (दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावलंस), म्हणजे तू खरं खेळलाच नाहीस' असं कोणी म्हटलं तर कृपा करून ऐकू नका. या गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनीच सांगितलं आहे की अनोळखी खेळाडूंनी एकमेकांना मदत करण्याची कल्पना त्यांना एका बर्फाळ चढावरून सुचली. गाड्या घसरून अडकल्या होत्या, मागच्या गाडीने पुढचीला ढकललं, आणि ज्यांनी ढकललं त्यांचे आभार मानायला थांबणं शक्य नव्हतं. २००९च्या डेमन्स सोल्सपासून ही मदत या खेळाच्या गाभ्यात आहे. ती घेणाऱ्याला कमी लेखणारी माणसं एका नव्या खेळाडूला हाकलून लावतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

एल्डन रिंगची एक अडचण मात्र खरी आहे. त्यात सरळ पॉज नाही. घरात तान्हं मूल असेल किंवा दर दहा मिनिटांनी दाराची बेल वाजत असेल तर जेडाय: फॉलन ऑर्डर घ्या, त्यात पॉजही आहे आणि काठिण्याचे चार पर्यायही. शाळकरी मुलांसोबत खेळायचं असेल तर २०२४चा अनदर क्रॅब्ज ट्रेझर गोड आहे. त्यात मदतीच्या पर्यायांमध्ये नायक असलेल्या खेकड्याच्या हातात चक्क बंदूक देता येते! कोरियन लाइज ऑफ पीमध्येही २०२५पासून सोपे पर्याय आलेत, पण तो दुसरा किंवा तिसरा गेम म्हणून खेळा.

पीसीवाल्यांनी आधी आपली रॅम बघा, एल्डन रिंगला किमान १२ जीबी लागते. स्टीमवर घेतलात आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर १४ दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. ते दोन तास ट्री सेंटिनेलवर घालवू नका एवढंच.

माझ्याकडे पीएस४ची डिस्क आहे, सध्या मावसभावाकडे. त्याचं झालं की कोथरूड-कर्वेनगर भागातल्या कोणाला हवी असेल तर मेसेज करा. आणि मार्गिटपाशी अडलात तर मला बोलवा, मी समन होऊन येतो.