शुल्क लावा की काढा, पण पेरणीआधी सांगा

आयात शुल्क असावं की नसावं, यावर शहरात चर्चा होते. विदर्भातल्या शेतकऱ्याला ते असण्याचा आणि नसण्याचा, दोन्हीचा फटका बसतो.

कापसाचंच घ्या. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आमच्याकडे दसरा-दिवाळीला सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा होते, पहिला वेचा घरात येतो. नेमकं तेव्हाच बाहेरच्या गाठींना दार उघडं! लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता खरा, पण १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की सरकारी खरेदीत माल बसत नाही. अवकाळीत भिजलेला कापूस घेऊन गाडी परत आणणं परवडत नाही, मग व्यापारी म्हणेल तो भाव.

गिरण्यांचं दुखणंही खोटं नाही. अमेरिकेने त्याच ऑगस्टमध्ये आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. सूत महाग पडून गिरण्या थांबल्या, तर आमच्या सरकीचं आणि रुईचं काय होणार? पण त्यांना आधार द्यायचा तर तिजोरीतून द्या, आमच्या भावातून कशाला?

आता वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याकडे बघा. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि आमचा हक्काचा गिऱ्हाईक तुटला. बागेत चांगला माल असून सौदे होईनात. दुसऱ्याच्या संरक्षणाची झळ अशी लागते. म्हणून ‘सगळंच बंद करा’ असं मी म्हणू शकत नाही.

शिवाय नुसत्या शुल्काने भाव मिळतोच असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं, तरी ४,८९२ हमीभावाचं सोयाबीन आपण बाजार समितीत त्याहून कमीने विकलं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा टक्के, बाकी बहुतेक ढेप, म्हणजे पेंड. ढेपेला जगात भाव नसेल तर तेलावरचं शुल्क एकटं किती ओढणार?

माझं मत संरक्षणाच्या बाजूचं आहे, कारण अमेरिकेचा कापूस उत्पादक सरकारी अनुदानावर उभा आहे आणि आमची बहुतेक शेती कोरडवाहू. पण मग मार्च २०१२ सारखी कापसाची निर्यातबंदीही नको. भाव पडताना आयातीला दार उघडं आणि चढताना निर्यातीला बंद, हे संरक्षण कोणाचं?

मे महिन्यात, बियाण्याच्या थैल्या घ्यायच्या आधी शुल्क जाहीर करा आणि होळीपर्यंत त्याला हात लावू नका. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, किती एकर लावायची आणि तूर किती, ते आम्ही ठरवू.