तैनाती फौज म्हणण्याआधी

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने रशियन तेलाचं निमित्त करून भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, आणि तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर युरोपचा उद्धार चालू आहे. आपण ताठ उभे राहिलो, युरोप मात्र अमेरिकेच्या दावणीला बांधलेला, असा एकूण सूर. आमचे मामा कोल्हापुरात आयुष्यभर इतिहास शिकवत आले. त्यांनी लिहिलं, ‘पोलंडात अमेरिकेचे दहा हजार सैनिक, आणि बराकींचा खर्च पोलंडच्या माथी. याला आम्ही वर्गात तैनाती फौज म्हणायचो. दुसऱ्या बाजीरावाने वसईला सही केली, यांनी वॉशिंग्टनला.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. मी वॉर्सात राहते, इथे कर भरते, माझा नवरा इथला, मुलगी इथल्या शाळेत जाते. ते वाक्य मला लागलं आणि अजून सलतं आहे.

मामा, वसईचा तह मला तुम्हीच समजावून सांगितलात. 31 डिसेंबर 1802. होळकरांच्या भीतीने पळालेल्या पेशव्याने इंग्रजांच्या पलटणी पदरात घेतल्या, त्यांच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी बोलणी करायची नाहीत हे कबूल केलं. तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवा, कारण पोलंडला मी त्याच लावून बघणार आहे.

घरी सगळ्यांची एक ठाम समजूत आहे की अमेरिकेने नाटो, म्हणजे तिच्या पुढाकाराची लष्करी आघाडी, पूर्वेला ढकललं. झालं जवळजवळ उलटं. एप्रिल 1993 मध्ये पोलंडचे राष्ट्राध्यक्ष वावेन्सा आणि चेक प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष हावेल वॉशिंग्टनला गेले आणि नव्याने निवडून आलेल्या क्लिंटनच्या मागे लागले, की आम्हाला आत घ्या. ऑगस्टमध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन वॉर्साला आले. पोलंड नाटोत गेलं तर ते रशियाच्या हिताविरुद्ध नाही, असं वावेन्साबरोबरच्या संयुक्त निवेदनात त्यांनी मान्य केलं आणि मॉस्कोत परतल्यावर काही आठवड्यांत शब्द फिरवला. अमेरिका तर कचरत होती. तिने आधी ‘शांततेसाठी भागीदारी’ नावाची योजना पुढे केली, म्हणजे सदस्यत्व नाही, नुसती ओसरी. पोलंडने ती घेतली आणि धक्के देत राहिलं. शिकागोच्या पोलिश वस्त्यांतून अमेरिकन खासदारांवर पत्रांचा मारा झाला. एप्रिल 1998 मध्ये सिनेटने 80 विरुद्ध 19 मतांनी होकार दिला. 12 मार्च 1999 रोजी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावी पोलंडचे परराष्ट्रमंत्री गेरेमेक यांनी प्रवेशाची कागदपत्रं अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलीन ऑलब्राइट यांच्या हाती दिली. लहानपणी वॉर्साच्या घेटोतून निसटलेला एक माणूस, आणि प्रागमध्ये जन्मून निर्वासित झालेली एक बाई. त्या दोघांना कोणी प्यादी म्हटलं की माझं डोकं तापतं.

मामा म्हणतील, बाजीरावही आपल्याच पायांनी गेला होता. गेला होता. आणि 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुदा यांनी व्हाइट हाउसमध्ये उभं राहून दोन अब्ज डॉलर देऊ केले, तळाला ‘फोर्ट ट्रम्प’ नाव देऊ म्हणाले, ते मलाही रुचलं नव्हतं. पण सही झाल्यावर हात किती मोकळे राहिले, ते पाहा. पोलंड अमेरिकेकडून एफ-35 विमानं आणि एब्रम्स रणगाडे घेतं, तसे कोरियाकडून के-2 रणगाडे आणि के-9 तोफाही घेतं. मे 2025 मध्ये पोलंडने नान्सीला फ्रान्सशी वेगळा करार केला. 2024 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचा चार टक्क्यांहून मोठा हिस्सा संरक्षणावर खर्च केला, नाटोत सगळ्यांत जास्त. सप्टेंबर 2025 मध्ये रशियन ड्रोन पोलंडात शिरले तेव्हा ट्रम्प म्हणाले, चूक असू शकेल. पंतप्रधान तुस्क यांनी जाहीरपणे उत्तर दिलं की ती चूक नव्हती आणि आम्हाला ते ठाऊक आहे. कंपनीच्या रेसिडेंटला असं तोंडावर सांगणारा पेशवा तुम्ही मला दाखवा.

विश्वासाचं म्हणाल, तर अमेरिकेवर भोळा विश्वास ठेवणारा पोलिश माणूस मला इथे भेटलेला नाही. यांच्याइतका दगा कोणी खाल्ला? 1944 च्या जर्मनांविरुद्धच्या उठावात वॉर्सा जळत असताना सोव्हिएत लाल सेना व्हिस्तुला नदीच्या पलीकडच्या काठावर थांबून होती. अमेरिकेची शंभरावर विमानं मदत घेऊन एकदाच आली आणि त्यांनी टाकलेल्या बहुतेक पेट्या जर्मनांच्या हाती पडल्या. दर वर्षी 1 ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता भोंगे वाजतात आणि माझी ट्राम जिथे असेल तिथे उभी राहते. पुढे 1945 मध्ये याल्टाच्या परिषदेत पोलंडचा पूर्वभाग स्टालिनकडे गेला, तो रूझवेल्टच्या संमतीने. कोल्हापूरकरांना याल्टा परका नाही. 1943 ते 1948 कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीत जे पाचेक हजार पोलिश लोक राहिले, ते बहुतेक याच पूर्वेकडचे. स्टालिनने त्यांना सायबेरियात नेलं, तिथून ते इराणमार्गे आपल्याकडे पोचले. जुलै 1945 मध्ये अमेरिकेने आणि ब्रिटनने लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, तेव्हा पंचगंगेकाठी राहणाऱ्या त्या बायकापोरांना परतायला गावच उरलं नाही. महावीर गार्डनमधल्या त्यांच्या आठवणीच्या स्तंभाजवळून आपण कितीदा गेलो असू. त्याच लोकांच्या नातेवाइकांना आपण आता स्वाभिमानाचे धडे देतो आहोत.

आणि हे सगळं पाठ असूनही त्यांनी अमेरिकेचा हात धरला. इराकमध्ये सैनिक पाठवले, अफगाणिस्तानात चाळीसहून जास्त माणसं गमावली, तरी नोव्हेंबर 2019 पर्यंत अमेरिकेला जायचं तर यांना व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागे. माझ्या सासूबाई ती रांग विसरलेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे: युक्रेनला 1994 मध्ये बुडापेस्टला सुरक्षेच्या हमीचा कागद मिळाला, आम्हाला सैनिक मिळाले. कागदाचं काय झालं ते टीव्हीवर रोज दिसतं.

सासूबाई लुब्लिनला राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खालच्या फळीवर काकडीच्या लोणच्याच्या बरण्या असतात. आता त्यांच्या शेजारी पाण्याचे कॅन, मेणबत्त्या आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ आला आहे. वॉर्साहून बेलारूसची हद्द कोल्हापूर-पुणे अंतराहूनही जवळ. करवीरनगरीत बसून अलिप्ततेची महती सांगणं सोपं आहे, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पण ड्रोनवाल्या त्या रात्रीनंतरचा फोनही सांगायला हवा. त्याच आठवड्यात रशिया-बेलारूसच्या ‘झापाद’ युद्धसरावात भारताचे 65 जवान निझनी नोवगोरोदजवळ गेले होते. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, ‘तुमची मुलं तिकडे काय करताहेत?’ आणि मी, मामांशी दिवसरात्र भांडणारी, मामांच्याच भाषेत बोलू लागले. सांगितलं, की डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेश युद्धात अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली होती, तेव्हा आमच्या मागे उभं राहिलं ते मॉस्को. आमचं शस्त्रागार अजून त्यांचं आहे, तेल स्वस्त मिळेल तिथून आम्ही घेऊ, आमच्या गरिबांची बिलं ब्रसेल्स भरत नाही. माझा आवाज चढला. मी ‘आम्ही’ म्हणत होते.

त्या म्हणाल्या, 1971 मध्ये आमचं सरकारही तुमच्याच बाजूला होतं, कारण त्याला दुसरी बाजू घ्यायची मुभाच नव्हती. खरं आहे. युद्ध थांबवण्यासाठी सुरक्षा परिषदेत मांडलेला तो गाजलेला पोलिश ठराव मॉस्कोच्या पाठबळाने आला होता. मामा, मांडलिक हा शब्द वापरायचाच असेल तर तेव्हाच्या पोलंडसाठी वापरा. तेव्हाचं त्यांचं मांडलिकत्व आपल्या पथ्यावर पडलं, आणि आता ते सुटलं तर आपण त्यांनाच हिणवतो.

1971 चा माझा अभिमान मी इथे कोणासाठी सोडणार नाही. रशिया आपला जुना मित्र, हे मी इथल्या जेवणाच्या टेबलावर सांगत राहीन आणि ऐकूनही घेईन. पोलिश नागरिकत्वासाठी मी पात्र आहे, भाषेची परीक्षा झाली आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून अर्ज भरलेला नाही. निळा पासपोर्ट परत करायला हात धजत नाही. मुलीला हा प्रश्न नाही, ती जन्मापासून इथली आहे. तुमची नात त्या दहा हजार सैनिकांच्या भरवशावर मोठी होते आहे, मामा. अमेरिका उद्या पाठ फिरवेल हे मला मान्य आहे, इथे सगळ्यांनाच मान्य आहे. मग पूर्वेच्या या शेजाऱ्याचं पोलंडने करायचं काय, तेवढं ग्रुपवर लिहा.